कुलूप बाहेरून, कडी आतून: ‘बंद घर’ या एका नोंदीचं प्रकरण

गल्लीतलं शेवटून दुसरं घर. आमच्या टॅबवरच्या यादीत त्या घरापुढे दोन वेगवेगळ्या तारखांना एकच नोंद आहे: ‘बंद घर’. दुसऱ्या नोंदीनंतर ते घर यादीतून आपोआप गळलं. फॉर्म आम्हीच तसा बांधला होता. दोन फेऱ्यांत दार उघडलं नाही, तर पुढचे प्रश्न दिसतच नसत. त्या घरात दीड वर्षाची एक मुलगी होती आणि तिला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस मिळालेला नव्हता. हे आम्हाला कळलं ते योगायोगाने, आणि त्यानंतर आमच्या अभ्यासाची घडी पुरती विस्कटली.

त्या विस्कटण्याचं हे प्रकरण. सार्वजनिक आरोग्याच्या कारभारावर काम करणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते. ‘कारभार’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. रोग कसा होतो, लस कशी काम करते, हे वैद्यकाचं क्षेत्र. लस कुणी, कुठे, किती वाजता द्यायची, तिची नोंद कोणत्या रकान्यात करायची, त्या रकान्यावरून वर कोण निर्णय घेणार आणि चुकलं तर जाब कुणाला विचारायचा, हा झाला कारभार. आमचा गट विद्यापीठातला, पाच जणांचा. पीएसएमचे (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे) डॉक्टर, कायदा शिकवणाऱ्या मॅडम, अर्थशास्त्राचे सर, भूगोलात पीएचडी करणारी एक मुलगी आणि समाजशास्त्राची मी. सोबत क्षेत्रकामाला काही विद्यार्थी.

असे मिश्र गट मुंबईला नवे नाहीत. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून तीन विभागांत ६,९३६ नमुने तपासले होते. झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडं सापडली. रक्ताच्या चाचणीतून आलेल्या त्या दोन आकड्यांचा अर्थ लावायला शेवटी खोलीत किती माणसं राहतात आणि संडास किती जणांत वाटून वापरतात याकडेच वळावं लागलं. आम्हा पाच जणांना एकत्र आणणाऱ्या प्रकल्पाच्या प्रस्तावात हे उदाहरण होतं. प्रस्ताव लिहिताना ते सोपं वाटलं होतं.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवरची साथ आली आणि तिचा जोर आधी दिसला तो गोवंडीत. मुलं दगावली. केंद्राचं पथक येऊन गेलं, कस्तुरबा रुग्णालयात गोवरची मुलं दाखल होऊ लागली, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना अतिरिक्त डोस द्यायचं ठरलं आणि काही भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही. गोवरचा विषाणू दया दाखवत नाही. आजूबाजूला कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक रुग्ण १२ ते १८ जणांना रोग देतो. तो रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. पहिला नवव्या महिन्यात, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. कोविडच्या दोन वर्षांत हे वेळापत्रक अनेक घरांत मोडलं होतं.

गोवंडी, मानखुर्द, देवनार, ट्रॉम्बे हा सगळा भाग पालिकेच्या एम पूर्व विभागात येतो. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ८ लाखांच्या वर होती. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या २४ विभागांत हा विभाग तळाला होता. १९२७ पासूनचं देवनार डंपिंग ग्राऊंड इथलंच. इथल्या काही वस्त्या लोकांनी स्वतः येऊन वसवल्या, तर काही सरकारनेच दुसरीकडून उठवून इथे आणून टाकल्या. १९७६ मध्ये जनता कॉलनी पाडून तिथल्या माणसांना चिता कॅम्पला आणलं गेलं, ते आजही तिथले म्हातारे सांगतात. ही माहिती मी इथे उगाच देत नाही. पुढे दाराच्या आतल्या कडीपाशी ती लागणार आहे.

साथीच्या वेळची आणखी एक गोष्ट आमच्या कायद्याच्या मॅडमनी पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहिली होती: ७ मार्च २०२२. त्या दिवशी महापालिकेची मुदत संपली आणि पाठोपाठ प्रशासक आले. म्हणजे गोवर पसरत असताना वस्तीला नगरसेवक नव्हता आणि पालिकेत सार्वजनिक आरोग्य समिती बसत नव्हती. अधिकारी होते, त्यांनी काम केलं, रात्री-बेरात्री केलं. पण नळाला पाणी नाही, दवाखान्यात बाई नाही, म्हणून ज्याच्या कार्यालयाबाहेर जाऊन ओरडावं तो माणूस व्यवस्थेत उरला नव्हता.

आमचा प्रश्न साधा होता. साथ ओसरल्यावरही काही मुलं लसीपासून दूर का राहतात? एम पूर्वमधल्या एका वस्तीतल्या काही गल्ल्या घेतल्या. वस्तीचं नाव मी लिहीत नाही, तसं आम्ही तिथल्या बायांना कबूल केलं आहे.

संध्याकाळी साडेचार

भूगोलाची मुलगी नकाशातल्या खुणा तपासायला पुन्हा गेली होती. तिचा आणि सर्वेक्षणाचा संबंध नव्हता. दोन गल्ल्यांच्या मधली गटारावरची फळी नकाशात रस्ता म्हणून दाखवायची की नाही, एवढंच तिला बघायचं होतं. आमचे विद्यार्थी सकाळी अकरा ते दोनच्या दरम्यान जात, कारण कॉलेजची बस तेव्हाची होती. ती गेली साडेचारला. आणि शेवटून दुसऱ्या घराचं दार सताड उघडं, उंबऱ्यावर पायात एकच चप्पल घातलेली पोरगी बसलेली.

तिने मला फोन केला. मी देवनारलाच होते, वीस मिनिटांत पोचले. घरातली बाई नुकती कामावरून आली होती. भंगारच्या गोदामात प्लॅस्टिक निवडायचं काम, किलोवर पैसे. हात धुऊन झाले तरी बोटांच्या पेरांत काळं बसलेलं होतं. मुलगी दिवसभर पलीकडच्या गल्लीतल्या आजीकडे असते. आजी सख्खी नव्हे, गावाकडची.

“दोनदा आले होते म्हणे मोजणीवाले,” बाई म्हणाली. “शेजारणीनं सांगितलं. मी म्हटलं, आपल्याला काय, आपलं दार तर बंदच असतं.”

आम्ही मोजणीवाले नाही, हे सांगण्यात थोडा वेळ गेला. मग लसीचं विचारलं. ती जालना जिल्ह्यातली. बाळंतपण माहेरी झालं. नऊ महिन्यांचं इंजेक्शनही तिथेच, उपकेंद्रात. कार्ड?

“आईजवळ राहिलं. पत्र्याच्या पेटीत आहे. मे महिन्यात जाईन तेव्हा आणते.”

आणि दुसरा डोस? तिने मुलीच्या केसांतून हात फिरवला. “ताई सांगून गेल्या होत्या. पण अंगणवाडीत इंजेक्शन सकाळचं असतं. मी सातला निघते. आजीला जिना उतरवत नाही.”

एवढंच. तिने लस नाकारली नव्हती. तिला लसीची भीती नव्हती, कुणी तिचे कान भरलेही नव्हते. आम्ही प्रस्तावात पानभर लिहिलेली ‘लसीबद्दलची साशंकता’ त्या घरात औषधालाही नव्हती. दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि कुलपाची वेळ व आमची वेळ एकच होती.

त्या पोरीचं पुढे काय झालं ते इथेच सांगते. डॉक्टरांनी वस्तीतल्या आरोग्य सेविका ताईंना गाठलं, ताईंनी पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलीला तयार केलं, आणि पुढच्या सत्राला ती छोटीला कडेवर घेऊन गेली. कार्ड नव्हतं म्हणून नवं कार्ड केलं. रडली, बिस्किटाचा पुडा मिळाल्यावर गप्प झाली. एका मुलीचा प्रश्न सुटला. फॉर्म मात्र तसाच होता.

समोरचं घर

त्याच दिवशी समोरच्या घराकडेही पाहिलं. तिथेही आमची पहिली नोंद ‘बंद घर’. पण या दाराला कुलूप नव्हतंच. आत टीव्ही चालू होता. कडी आतून.

तिथे बोलायला तीन खेपा घालाव्या लागल्या, तेही ताई सोबत असल्यामुळे. आतली बाई मध्यम वयाची, सुनेसाठी दार अडवून उभी. ती जे बोलली ते मी त्या रात्री जसंच्या तसं उतरवून ठेवलं. “टॅब घेऊन येतो तो सर्वेवाला. सर्वेवाला आला की मागून नंबर टाकणारा येतो. नंबर टाकला की कोण पात्र, कोण अपात्र. आमचा कागद आहे, पण दिराचा नाही. मग मी दार कशाला उघडू?”

मुंबईच्या झोपडपट्टीत १ जानेवारी २००० ही तारीख पोरासोरांना पाठ असते. त्या तारखेच्या आधीचा पुरावा असणं आणि नसणं यावर छप्पर अवलंबून असल्याची धास्ती कित्येक घरांनी वर्षानुवर्षं जगली आहे. पुढे कायदे बदलले, तारखा सरकल्या. मनातली तारीख सरकली नाही. कायद्याच्या मॅडम म्हणाल्या, ती चुकीचं काही करत नाहीये, अनुभवाने शहाणी झाली आहे. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की वस्ती २००० नंतरची आहे म्हणून तिथल्या माणसांना पिण्याचं पाणी नाकारता येणार नाही, तो जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आलं २०२२ मध्ये. माणूस पात्र की अपात्र, हा सवाल पाण्याच्या नळापर्यंत पोचला होता, तर तो लसीच्या दारापर्यंत पोचणार नाही असं आम्ही कशावरून धरलं?

त्या घरातल्या नातवाला दुसरा डोस मिळाला नव्हता. आधी एकदा विचारणा झाली होती, तेव्हा सून म्हणाली होती, “आत्ता नको.” कारण? मागच्या इंजेक्शननंतर पोराला दोन दिवस ताप होता, तेव्हा सून जरीच्या कामाला बसू शकली नव्हती, आणि मालकाने तो माल दुसरीला दिला. या खेपेला नवरा गावाहून परत आला की देऊ, असं घरात ठरलं होतं. नवरा आला, पण तोवर पुन्हा कुणी विचारलं नाही. आमच्या फॉर्ममध्ये या उत्तरासाठी एकच खूण होती. विद्यार्थ्याने ताईंकडून ऐकून ती प्रामाणिकपणे लावली: ‘नकार’.

समाजशास्त्राची बाई म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. मराठीत ‘नको’ आणि ‘आत्ता नको’ यांत दिवस-रात्रीचं अंतर आहे. पाहुण्याला चहा विचारल्यावर तो ‘आत्ता नको’ म्हणाला तर आपण आधण उतरवत नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारतो. ‘आत्ता नको’ म्हणजे पुन्हा विचारा. तो शब्द नोंदीच्या रकान्यात शिरला आणि ‘नकार’ होऊन बाहेर पडला. मग नकार देणाऱ्यांसाठी जे करतात ते सुरू होतं: जनजागृती, पत्रकं, धर्मगुरूंचं आवाहन. साथीच्या काळात त्या आवाहनांचा काही घरांत खरंच उपयोग झाला, ते मी कमी लेखत नाही. पण या सुनेला पत्रक नको होतं. तिला दोन दिवसांचं काम हातातून जाऊ नये एवढंच हवं होतं.

पाच जणांचं भांडण

आमच्या पुढच्या बैठकीत आवाज चढले, आणि ते चढायलाच हवे होते.

मी म्हटलं, फॉर्म आजच्या आज बदलू. अर्थशास्त्राचे सर उठून उभे राहिले. अर्ध्या गल्ल्या जुन्या फॉर्मने आणि अर्ध्या नव्याने केल्या तर दोन्हींची तुलना कशी करायची? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मोजमाप मध्येच बदललं की फरक घरांत पडला की पट्टीत, हे सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, मला एक आकडा हवा आहे, किती मुलं राहिली. कारणं नंतर बघू, गोवर कारणं विचारून येत नाही. मॅडम म्हणाल्या, आकडा कुणाच्या खात्यावर टाकणार ते आधी सांगा. ‘नकार’ लिहिलंत की तो आईच्या खात्यावर गेला. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८. कलम ६१, पालिकेची बंधनकारक कर्तव्यं. त्यात सार्वजनिक लसीकरण आहे, साथीला आळा घालणं आहे. कर्तव्य पालिकेचं, आणि आपल्या रकान्यात गुन्हेगार कोण, तर सकाळी सातला कामावर जाणारी बाई.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भूगोलाच्या मुलीने लॅपटॉप फिरवला. तिने नकाशात घरांऐवजी वेळा घातल्या होत्या. अंगणवाडीतलं लसीकरण सत्र कधी सुरू होतं, गोदामं कधी उघडतात, टँकर कधी येतो, सामाईक नळाला पाणी कधी असतं. गल्लीच्या एका तोंडाशी सत्राची वेळ आणि पाण्याची वेळ एकमेकांवर चढली होती. म्हणजे ज्या बाया कामावर जात नाहीत, घरीच असतात, त्याही त्या वेळी घरात नसतात. निळी पिंपं आणि हंडे घेऊन रांगेत असतात. पाणी जल अभियंत्यांच्या खात्याचं, सत्र आरोग्य अधिकाऱ्यांचं, कचऱ्याची गोदामं हा तिसराच मामला. तिन्ही वेळा एकाच बाईच्या सकाळवर पडतात, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच दिसत नाही. मला वाटतं, आमचा गट खऱ्या अर्थाने आंतरविद्याशाखीय झाला तो त्या क्षणी. तोवर आम्ही एकाच टेबलाभोवती बसलेले पाच वेगळे अभ्यास होतो.

डॉक्टरांनी मग एक गोष्ट सांगितली, जी आम्हा इतरांना माहीत नव्हती. गोवर-रुबेलाची लस पावडर असते. द्रावणात कालवली की चार तासांत वापरावी लागते, उरली तर फेकायची. एका बाटलीत अनेक मुलांचे डोस असतात. म्हणून संध्याकाळी पाचला एकाच मुलासाठी बाटली फोडायची म्हटलं की नर्सचा हात आखडतो. वाया गेलेल्या डोसचा हिशेब तिला द्यावा लागतो, राहिलेल्या मुलाचा हिशेब तिच्याकडे कुणी मागत नाही. “फोडावी,” डॉक्टर म्हणाले. “चार डोस वाया गेले तरी चालतील. पण तिला हे लेखी कुणी द्यायला हवं.” सकाळी आकडा मागणारे हेच डॉक्टर होते.

अर्थशास्त्राच्या सरांनीच तोडगा काढला. जुनी नोंद पुसायची नाही. ती तशीच ठेवायची, आणि ‘बंद घर’ व ‘नकार’ या दोन खुणा पडलेल्या सर्व घरांना नव्या फॉर्मने, वेगळ्या वेळी, पुन्हा भेट द्यायची. अहवालात दोन्ही शेजारीशेजारी छापायची. चूक झाकायची नाही, तिच्यावरूनच मोजायचं.

नव्या फॉर्ममध्ये ‘बंद घर’चे तुकडे पडले: कुलूप, कामावर. कुलूप, गावी. कडी आतून. घर सोडून गेले. आणि ‘नकार’च्या जागी घरातल्या बाईने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहायला ओळ, आणि खाली ‘पुन्हा कधी येऊ?’ शेवटचा प्रश्न ताईंनी सुचवला.

पण फॉर्म बदलायचा तर संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या आचारसमितीची पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. संशोधनात माणसांना विचारायचे प्रश्न बदलले की तसं कळवून परवानगी घेणं हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि ते योग्यच आहे. आम्ही अर्ज दिला. बैठक पुढे गेली. मे उजाडला, अर्धी वस्ती गावी गेली आणि खरोखरच कुलपं लागली. आमचे दोन महिने गेले. या दोन महिन्यांचा दोष मी आमच्याकडेच घेते. पहिल्या फॉर्मची चाचणी आम्ही विद्यापीठाजवळच्या एका चाळीत, रविवारी घेतली होती. रविवारी सगळी दारं उघडी असतात.

दारावरच्या खुणा

इथे थोडं मागे जायला हवं, कारण या शहरात दारावर आरोग्याची खूण पडण्याला मोठा इतिहास आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. घरोघर झडत्या सुरू झाल्या, आजारी माणसं उचलून नेली जाऊ लागली, आणि घराच्या भिंतीवर वर्तुळं रंगवली गेली, प्लेगच्या एका मृत्यूमागे एक वर्तुळ. लोक आजारी माणूस लपवू लागले, हजारोंनी शहर सोडलं. त्याच दिवसांत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. लस आणि झडती एकाच शहरात, एकाच वर्षी दाराशी आली. दार उघडणाऱ्याला त्या दोघींतला फरक कळावा अशी सोय नव्हती.

पल्स पोलिओतही दारावर खडूने खूण होते. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला तर इंग्रजी ‘पी’, नाहीतर फुली. पण फुलीचा अर्थ तिथे विषय संपला असा नाही, परत या असा आहे. फुलीच्या घरी पुन्हा जायचं असतं, आणि नोंदीत ते घर का राहिलं हेही लिहायचं असतं. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त ठरला त्यात त्या परत जाण्याचा वाटा फार मोठा आहे. आमच्या टॅबमध्ये फुली होती, परत जाणं नव्हतं.

वही

आरोग्य सेविका ताईंबद्दल आत्तापर्यंत ओझरतं आलं, पण या प्रकरणात सर्वांत जास्त ज्ञान त्यांच्याकडे होतं. मुंबईत हेल्थ पोस्टची, म्हणजे वस्तीपातळीवरच्या पालिकेच्या छोट्या आरोग्य केंद्रांची, व्यवस्था उभी राहिली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस, जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या लोकसंख्या प्रकल्पातून. त्या व्यवस्थेचे पाय म्हणजे या सेविका. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्य केंद्र असं गणित आहे. गणित कागदावरचं, गल्लीतल्या आजीला जिना उतरवत नाही हे ज्यांना माहीत असतं, त्या सेविकाच.

ताईंकडे अधिकृत रजिस्टर होतं. त्यात घर क्रमांक, मुलाचं नाव, जन्मतारीख, डोसच्या तारखा. गावी जन्मलेली, गावी पहिला डोस झालेली मुलगी त्या रजिस्टरमध्ये येता येता राहते. तिथल्या उपकेंद्राच्या यादीत ती ‘स्थलांतरित’, इथल्या यादीत अजून आलेलीच नाही. आणि रजिस्टरसोबत ताईंच्या पिशवीत एक वही होती. शाळेची, दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. ती त्यांना कुणी ठेवायला सांगितली नव्हती.

आम्हाला त्या वहीचं कळलं तेव्हा आमचा पहिला विचार संशोधकाचा होता: झेरॉक्स काढू या. ताई नाही म्हणाल्या.

“यात बायांचे नंबर आहेत, मॅडम. त्यांनी मला दिलेत. तुम्हाला नाही.”

आमच्या संमतीपत्रात गोपनीयतेवर तीन परिच्छेद होते. ताईंचं एक वाक्य त्या तिन्हींपेक्षा नेमकं होतं. मी माफी मागितली. मग त्या म्हणाल्या, वाचून दाखवते, नंबर सोडून. पण तुमच्या खोलीत नाही. जिथे साहेब बसतात तिथे.

म्हणून आमचे निष्कर्ष मांडायची बैठक ठरली तेव्हा आम्ही ताईंचं नाव वक्त्यांमध्ये घातलं. बैठक एका कार्यालयात होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर विभागाचा नकाशा. आमचं सादरीकरण झालं. समोरचे अधिकारी लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “बरं, पण नकाराचं प्रमाण किती? मला वर एक आकडा द्यायचा असतो.” तो प्रश्न खोचक नव्हता. त्यांच्याकडूनही कुणीतरी एकच रकाना भरून मागत होतं. डॉक्टरांनी जुन्या फॉर्मचा आकडा दिला आणि लगेच नव्या फॉर्मचा दिला. दोन्हींतलं अंतर पाहून अधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सत्राच्या वेळांचा नकाशा पुन्हा लावायला सांगितला.

त्यानंतर ताई. आधी त्यांनी पदर सारखा केला, मग पिशवीतून वही काढली. खुर्चीत बसायला सांगितलं तरी त्या उभ्याच राहिल्या. पान सापडेपर्यंत खोलीत पंख्याचा आवाज होता. त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, सावकाश, जसं लिहिलं होतं तसं.

“शेवटून दुसरं घर. कुलूप. बाई गोदामात जाते, चारनंतर भेटते. मुलगी पलीकडे आजीकडे. कार्ड जालन्याला. दुसरा डोस बाकी.”

भूगोलाच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. ओळीच्या डाव्या बाजूला पेन्सिलीने तारीख घातलेली होती, आमच्या पहिल्या ‘बंद घर’च्या आठ दिवस आधीची.

ताईंनी बोट खालच्या ओळीवर नेलं. “समोरचं घर. कडी आतून. सून म्हणते आत्ता नको.”